‘घरात म्हातारपण न पाहिलेल्या’ लेखिकेचं उत्तर

स्पष्टवक्ते,

(तुम्ही ‘एक स्पष्टवक्ता’ एवढीच सही केली आहे, तेव्हा हाक मारायला माझ्याकडे दुसरं नाव नाही.)

२०२४ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी निवडणुकीला पुन्हा उभं राहायलाच नको होतं, या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया दिलीत त्याला आठ दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘ताई, जरा अभ्यास करून लिहीत जा!!!’ अशी सुरुवात. मग माझ्या लेखातली एक चूक. मग ‘घरात म्हातारपण न पाहिलेल्या माणसालाच असं लिहिता येतं’ हे वाक्य. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अध्यक्ष रुझवेल्ट आजारी असूनही निवडून आले होते, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मतदारांनीच बायडन यांना निवडलं होतं, ट्रम्प यांच्या वयाबद्दल मी मूग गिळून का बसले आहे आणि निकालानंतर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, असं एकामागून एक.

आधी ‘ताई’. मला ताई म्हणणारे वाचक पुष्कळ आहेत आणि मला ते आवडतं. पण ताई म्हणून लगेच अभ्यासाला बसवायचं, ही खास आपल्याकडची रीत आहे. ‘लिहीत जा’ मधला ‘जा’ मराठीत एकेरीही असतो आणि आदरार्थीही, तेव्हा संशयाचा फायदा तुम्हाला देते. तीन उद्गारचिन्हांना मात्र तो देता येत नाही. एखाद्या पुरुष लेखकाला तुम्ही ‘दादा, अभ्यास करून लिहीत जा’ म्हणाला असतात का, हे स्वतःलाच विचारून पाहा. मला कळवायची गरज नाही.

चूक मान्य आहे. बायडन यांनी आपल्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचा उल्लेख ‘उपाध्यक्ष ट्रम्प’ असा केला तो अटलांटाच्या २७ जूनच्या, ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादचर्चेत, असं मी लिहिलं होतं. तो प्रसंग ११ जुलैचा, वॉशिंग्टनमधल्या नाटो परिषदेनंतरच्या पत्रकार परिषदेतला. त्याच दिवशी थोडं आधी त्यांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची ओळख ‘अध्यक्ष पुतिन’ अशी करून दिली होती आणि लगेच सावरलं होतं. वादचर्चेतलं वाक्य वेगळं होतं: बोलता बोलता धागा सुटला आणि ‘अखेर आपण मेडिकेअरला हरवलं’ असं निघून गेलं. (मेडिकेअर म्हणजे तिथली ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना.) मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. या दुरुस्तीने माझा मुद्दा लंगडा कसा पडतो ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण ते असो.

आता ते वाक्य.

माझे वडील वकील होते. पंचेचाळीस वर्षं त्यांनी वकिली केली, आणि शेवटची नऊ वर्षं मी त्यांची ज्युनियर होते. घरात म्हातारपण पाहिलं का विचारता? मी ते कोर्टात पाहिलं आहे. सगळ्यांसमोर, अर्धं पाऊल मागे उभी राहून. समोरून कोणी आलं की मी हळूच नाव सांगायची, मग ते त्या माणसाच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळं विचारायचे. जुनं सगळं शाबूत होतं. सकाळचंच काय ते टिकत नव्हतं. एकदा त्यांनी न्यायाधीशांपुढे अर्धा तास इतका सुरेख युक्तिवाद केला की मागच्या बाकांवर कुजबुज थांबली. अडचण एवढीच की तो दुसऱ्याच अशिलाच्या, आदल्या वर्षी निकाली निघालेल्या दाव्यातला होता. न्यायाधीशांनी शांतपणे पुढची तारीख दिली. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. म्हणजे झाकत फक्त मी नव्हते.

नातेवाईक विचारायचे, एकदा डॉक्टरांना का दाखवत नाही? मी म्हणायची, अहो, रोज कोर्टात उभे राहतात, वेगळी परीक्षा कशाला हवी? फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडन यांची वार्षिक तपासणी झाली. डॉक्टरांनी त्यांना कामासाठी तंदुरुस्त ठरवलं, पण स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी त्यात नव्हती. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या म्हणाल्या, ती परीक्षा तर ते रोजच्या कामातून देतात. पुढे जुलैत मुलाखतीत स्वतः बायडनही तेच म्हणाले. ते ऐकताना मला त्यांचा राग आला नाही. माझं वाक्य त्यांच्यापर्यंत कसं पोहोचलं, एवढंच मनात आलं.

आणि आता जे लिहिते आहे ते आजवर कुठे लिहिलेलं नाही. तुमच्यामुळे लिहावं लागतंय. वडिलांना आमच्या छोट्या वकील संघाच्या अध्यक्षपदासाठी पुन्हा उभं राहायचं होतं. अर्ज मी भरला. सूचक म्हणून सहीही माझीच. ते बिनविरोध आले, कारण त्यांच्यासमोर अर्ज भरायची कोणाची छाती नव्हती आणि तसा उद्धटपणा करायची इच्छाही नव्हती. पुढचे आठ महिने संघाची पत्रं मी लिहिली, सह्या त्यांच्या. शेवटी थांबवलं ते मी नव्हे, आमच्या कारकुनांनी. तीस वर्षं त्यांच्यासोबत काढलेला माणूस. एका मंगळवारी त्यांनी पिशवीत फायली भरल्याच नाहीत. म्हणाले, “साहेब, आज कोर्ट नाही.” वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, कोट काढून खुंटीला लावला आणि चहा मागितला.

तेव्हा कृपा करून मला म्हातारपण शिकवू नका. माझ्या लेखात बायडन यांची टिंगल आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तिसरा परिच्छेद पुन्हा वाचा, पहिल्यांदा वाचला असेल तर. ते अडखळले, जून २०२३ मध्ये हवाई दलाच्या अकादमीत वाळूच्या पिशवीला पाय अडकून पडले, यावर मी हसलेले नाही. मी लिहिलं ते निर्णयाबद्दल. २५ एप्रिल २०२३ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा ते ८० वर्षांचे होते आणि मतदारांकडे मागत होते जानेवारी २०२९ पर्यंतचा काळ, म्हणजे वयाच्या ८६ पर्यंतचा. ‘आज ठीक आहेत’ हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. ७ मार्च २०२४ चं अमेरिकी संसदेसमोरचं (काँग्रेससमोरचं) भाषण दणदणीत झालं, मान्य. माझ्या वडिलांचा तो युक्तिवादही दणदणीतच होता.

माझी तक्रार त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरच्यांवर आणि कचेरीवर जास्त आहे. जो थकत चाललाय त्याला आपण किती थकलो हे सगळ्यात शेवटी कळतं. ज्यांना आधी कळतं त्यांचं घर, पद, पगार, महत्त्व सगळं त्या माणसावरच उभं असतं. वादचर्चेनंतर बायडन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या लोकप्रतिनिधीने, टेक्सासच्या लॉइड डॉगेट यांनी, माघार घ्या असं उघडपणे म्हणायला २ जुलै उजाडला. तेही स्वतः ७७ वर्षांचे. त्याच्या आठ दिवसांनी अभिनेता जॉर्ज क्लूनीने लिहिलं की तीन आठवड्यांपूर्वीच्या निधी संकलनाच्या कार्यक्रमात त्याला दिसलेले बायडन हे वादचर्चेतलेच बायडन होते. मग तीन आठवडे गप्प का बसलास बाबा? २१ जुलैला माघारीचं पत्र आलं. मतदानाला साडेतीन महिने उरले होते.

रुझवेल्टबद्दल. उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं. प्रचंड रक्तदाब आणि निकामी होत चाललेलं हृदय. लोकांना सांगितलं गेलं की प्रकृती उत्तम आहे. नोव्हेंबरात ते चौथ्यांदा निवडून आले आणि १२ एप्रिल १९४५ रोजी गेले. उपाध्यक्षपदावर जेमतेम ८२ दिवस काढलेल्या ट्रुमन यांना अणुबॉम्बच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती मिळाली ती अध्यक्ष झाल्यावर, २५ एप्रिलला. ‘आजारी असूनही निवडून आले’ या तुमच्या वाक्यात हे सगळं बसत नाही, म्हणून सांगितलं.

प्रायमरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. समोर नाव घेण्यासारखा उमेदवार एकच, मिनेसोटाचे लोकप्रतिनिधी डीन फिलिप्स, आणि त्यांचीही पक्षात चेष्टाच झाली. पक्षाने एकही वादचर्चा ठेवली नाही. बिनविरोध निवडणूक कशी होते ते वर सांगितलंच आहे. मतदारांनी मतं दिली हे खरं आहे, त्यावर वाद घालायचा माझा विचार नाही.

ट्रम्प यांच्या वयाबद्दल मी गप्प आहे म्हणता. लेख त्यांच्यावर नव्हता. त्यांचा जन्म जून १९४६ चा. जानेवारी २०२५ मध्ये शपथ घेताना ते ७८ वर्षांचे होते, २०२१ च्या बायडन यांच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठेच. हिशेब तुम्हालाही येतो. प्रत्येक लेखात प्रत्येकाचं वय मोजायला मी काही विमा एजंट नाही.

निकालानंतरचं शहाणपण? फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडन यांच्याकडच्या गोपनीय कागदपत्रांची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात ‘स्मरणशक्ती कमजोर झालेला, सद्भावी वयस्कर माणूस’ अशा अर्थाचं वर्णन आलं, तेव्हा मीही हर यांच्यावरच चिडले होते. त्याच रात्री बायडन यांनी इजिप्तच्या अध्यक्षांना मेक्सिकोचे अध्यक्ष म्हटलं, आणि तरी मी चिडलेलीच होते. जुना लेख इथेच आहे, तो मी काढून टाकलेला नाही. तुम्ही तो शोधून काढाल, तर आताच सांगून टाकलेलं बरं.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, रात्री पावणेबाराला आलेली, मी प्रसिद्ध केलेली नाही. त्यात बायडन नाहीत, रुझवेल्ट नाहीत, माझ्या शिक्षणाबद्दलचे अंदाज तेवढे आहेत. तो मजकूर गाळून मुद्दे पुन्हा पाठवलेत तर छापीन. आणि एवढंच सांगा, प्रायमरीच्या वेळी बायडन यांच्यासमोर उभं राहायला त्यांच्या पक्षातल्या कोणी मोठ्या नेत्याने अर्ज भरायला हवा होता, असं तुम्हाला वाटतं की नाही? हो किंवा नाही. उद्गारचिन्ह एक चालेल.