पिपेट खाली ठेवा, प्रोफाइल उघडा

रेणवीय जीवशास्त्रात नाव कमवायचं तर प्रयोग नीट व्हायला हवा, असा एक जुना गैरसमज आहे. प्रयोगाला तीन वर्षं लागतात. एच-इंडेक्सला, म्हणजे संशोधकाचं वजन सांगणाऱ्या आकड्याला, बेरीज-वजाबाकी पुरते. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला: किमान 14 सायटेशन, म्हणजे पेपरांमधून झालेले उल्लेख, मिळालेले 14 पेपर असले की एच 14.

समजा, तुमचा एच 14 वरच अडलाय. पेपर उतरत्या क्रमाने लावा. पहिल्याला 400 सायटेशन आहेत, त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. आणखी 400 मिळाली तरी एच जागचा हलणार नाही. खरी कमाई तळाशी आहे. तेराव्यापर्यंत सगळे पंधराच्या वर, चौदाव्याला 14, पंधराव्याला 13. म्हणजे एकूण तीन सायटेशन कमी पडतात, आणि ती देणारा माणूस तुमच्याच खुर्चीत बसलाय. मात्र एका पेपरातून दुसऱ्याला एकदाच सायटेशन मिळतं, तेव्हा हस्तलिखितं दोन लागतील. म्हणून एका कामाचे दोन तुकडे करा: जनुक बंद पाडल्यावर पेशीचं काय झालं हा पहिला, तेच जनुक जास्त चालवल्यावर काय झालं हा दुसरा. बंद पाडलेलं जनुक परत घालून पेशी पूर्ववत होते का, हा नेमका निर्णायक प्रयोग शिल्लक राहील. राहू दे. तो तिसरा पेपर.

आता आकृत्या. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रोटीन वजनानुसार वेगळी करून पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, लोडिंग कंट्रोल म्हणून, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये (रकान्यात) सारखाच माल भरलाय हे दाखवायला, अ‍ॅक्टिन हे प्रोटीन घ्या आणि लेनमध्ये प्रोटीन सढळ हाताने भरा. अ‍ॅक्टिन पेशीत मुळातच मुबलक. त्यात एक्सपोजर लांबवलं की त्याचा 42 किलोडाल्टन वजनाचा बँड पार संपृक्त होतो, आणखी काळा होऊच शकत नाही. मग एका लेनमध्ये 20 मायक्रोग्रॅम आणि शेजारी 40 असले तरी दोन्ही बँड सारखेच काळेकुट्ट. समान लोडिंगचा इतका देखणा पुरावा दुसरा नाही. एकाच फ्लास्कमधल्या पेशी प्लेटच्या तीन वेलमध्ये (खळग्यांत) टाका आणि तीन स्वतंत्र प्रयोग म्हणा. आलेखातला एरर बार लांब वाटला तर मोजमापं किती पांगली ते सांगणाऱ्या प्रमाण विचलनाऐवजी सरासरी किती अचूक ते सांगणारी प्रमाण त्रुटी द्या; मोजमापं तीन, तेव्हा 3 च्या वर्गमुळाने, म्हणजे 1.73 ने भागलं की बार निम्म्याच्या आसपास येतो. दोहोंपैकी कुठलं दिलंय हे आकृतीखाली लिहायचं तेवढं विसरा.

सायटेशनचाच डोंगर हवा असेल तर शोधबिध लावू नका, मोजमापाची पद्धत द्या. लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा प्रोटीन मोजण्यावरचा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाला ते जमलेलं नाही.

नियतकालिक निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर बघा. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, असा हिशेब. तो नियतकालिकाचा असतो, तुमच्या पेपरचा नव्हे, ही बारीकसारीक बाब बोलून दाखवू नये. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा इम्पॅक्ट फॅक्टर 2008 मध्ये 2.051 होता, 2009 मध्ये 49.926. कारण एकच लेख: स्फटिकरचना सोडवणाऱ्या शेलेक्स प्रोग्रॅमचा इतिहास. प्रोग्रॅम वापरणारे तो उद्धृत करत गेले आणि शेजारच्या पानांवरचे लेखही पन्नाशीला टेकले. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच. माणसाला या आकड्याने तोलू नये, असं सॅन फ्रान्सिस्कोत 2012 मध्ये आखलेला ‘डोरा’ जाहीरनामा सांगतो. तुमच्या संस्थेने त्यावर सही केली असेल, तर बायोडेटात इम्पॅक्ट फॅक्टर ठळक न छापता साध्या अक्षरांत छापा.

दुसऱ्यांचे पेपर छापण्यापूर्वी गुप्तपणे तपासायला आले तर नाही म्हणू नका. ‘लेखकांनी पुढील महत्त्वाचं काम विचारात घ्यावं’ असं लिहून आपले चार पेपर द्या. पण चारही आपलेच असतील तर नाव झाकूनही ओळख पटते. एखादा परका मध्ये घुसवा.

आणि निष्कर्ष चुकीचा निघाला तर? दहा प्रयोगशाळा ‘हा परिणाम आम्हाला मिळाला नाही’ असं लिहून तुमचा पेपर उद्धृत करतील. दहाही जमेच्या बाजूला. मागे घेतलेले पेपरसुद्धा पुढे वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात, तेव्हा पंधराव्या क्रमांकाची काळजी नको.