९० टक्के डोळे? मग क्लच कोण सांगतो?

‘गाडी चालवताना ९० टक्के माहिती डोळ्यांतूनच मिळते. कानात गाणी असली तरी बिघडत नाही; कर्णबधिरांनाही लायसन्स मिळतंच की!’ हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला. मी ठाण्यात गाडी शिकवते. माझेच विद्यार्थी तो पुढे पाठवायला लागले, तेव्हा गप्प बसवेना.

आधी तो आकडा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे मायकेल सिवाक यांनी त्याचा माग काढला आणि १९९६ साली त्यावर लेख लिहिला. आकडा सगळे सांगत होते, पण कुणी प्रत्यक्ष मोजल्याचा पुरावा काही त्यांना मिळाला नाही. डोळा सर्वांत महत्त्वाचा, हे त्यांना मान्य होतं, मलाही आहे. ९० मात्र कुणीही मोजलेले नाहीत.

आता उरलेली इंद्रियं काय करतात ते कोपरी पुलाच्या चढावर बघा. पुढे बस, मागे चिकटून रिक्षा. नवशिका माणूस मान खाली घालून क्लचकडे बघतो आणि गाडी बंद पाडतो. मी म्हणते, बघू नका, पाय सावकाश सोडा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, तळपायाला बारीक थरथर लागते, गाडी पुढे ओढ घेते. तिथेच पाय धरा, मग हँडब्रेक सोडा. यातलं काहीही काचेतून दिसत नाही. ती थरथर पायाला ओळखू आली की चढाची भीती जाते, हे मी दर बॅचला बघते.

वेगाचंही तसंच. गाडीचा आवाज कानापर्यंत पोचला नाही की चालकाला स्वतःचा वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, हे प्रयोगांत दिसलंय. पाम बीच रोडसारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर ही चूक जिवावर बेतते. पावसात टायर पाण्यावर तरंगायला लागले की स्टेअरिंग एकदम हलकं पडतं. ते हातांना कळतं. गायमुखच्या घाटात क्लच प्लेट जळायला लागली की आधी नाकाला कळतं.

राहिला कर्णबधिरांचा दाखला. त्यांना लायसन्स मिळतं, मिळायलाच हवं. पण कानाची उणीव भरून काढायला त्यांनी नजर आरशांवर सतत फिरती ठेवलेली असते. तुम्हीआम्ही मागची गाडी आधी ऐकतो आणि मग आरशात बघतो. इअरफोन घातल्याने ही सवय बदलत नाही, फक्त ऐकणं बंद होतं. वर गाणं लक्ष खातं ते वेगळंच.

परवा माजिवड्याला एका विद्यार्थिनीला सायरन ऐकू आला. आरशात नुसती बस दिसत होती. तिने इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घेतली, आणि बसच्या आडून अँब्युलन्स पुढे निघून गेली.