गुडघ्याखालची गादी हा लाड नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: बागकाम करताना गुडघ्याखाली घ्यायच्या गाद्या म्हणजे कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे. आपल्या आज्या आयुष्यभर उकिडव्या बसून खुरपत होत्या, त्यांचे गुडघे कधी दुखले नाहीत. टेकायचंच असेल तर दुमडलेलं पोतं किंवा सोफ्याची जुनी उशी पुरते. आणि विकत घ्यायचीच तर चांगली जाड, मऊ, मेमरी फोमची, दीड-दोन हजारांची घ्या. स्वस्तातली महिनाभरात वाया जाते.

वाचताना पटतं, म्हणूनच उत्तर लिहायला बसले. यातली पोत्याची आणि उशीची चूक मी स्वतः केली आहे, आणि पोत्यापायी तीन आठवडे सुजलेला गुडघा घेऊन फिरले आहे.

आधी आजीचं बोलू. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. भुईमुगाची खुरपणी सुरू झाली की सकाळपासून ती सरीत उकिडवी, एकेक पाऊल पुढे सरकत. ते खरंच आहे. पण दिवेलागणीनंतरचं कुणी सांगत नाही. चुलीवर तवा ठेवून ती निर्गुडीचा पाला गरम करायची, फडक्यात बांधून दोन्ही गुडघे शेकायची. फार ठणकले तर तेल लावलेलं रुईचं पान बांधून झोपायची. गुडघे दुखतच नव्हते तर गावातल्या प्रत्येक बाईला बांधावरची निर्गुडी कशाला माहीत असती? आजी त्यासाठी कधी दवाखान्यात गेली नाही, म्हणून तिचं दुखणं कुठल्या कागदावर आलं नाही, एवढंच. कागदावर नाही म्हणजे नव्हतंच असं धरून चालणं मला तिच्यावर अन्याय वाटतो.

जिथे नोंदी ठेवल्या गेल्या तिथे काय दिसलं तेही सांगते. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांच्या तब्येतीच्या नोंदी १९४८ पासून ठेवल्या जात आहेत. त्यावरून १९९१ साली जे प्रसिद्ध झालं त्यात, गुडघे वारंवार वाकवावे लागणारी कष्टाची कामं केलेल्या पुरुषांच्या गुडघ्यांची झीज उतारवयात जास्त आढळली. ज्यांना लहानपणापासून उकिडवं बसायची सवय आहे आणि आजही त्रास नाही, त्यांनी खुशाल तसं बसून खुरपावं. पण वीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेल्या माणसाने पन्नाशीत एकदम तासभर उकिडवं बसणं ही वेगळी गोष्ट आहे. खोल उकिडवं बसलं की वाटीच्या मागच्या सांध्यावर मोठा दाब येतो. गुडघे टेकून बसलं की वाटीच्या पुढच्या भागावर येतो. गादी लागते ती या दुसऱ्या बसण्याला.

आता पोतं. आमच्या गच्चीवर वाफे करताना मी गोणपाट दोन पदरी करून त्यावर टेकत होते. काम झाल्यावर पाहिलं तर गोणपाटाची वीण गुडघ्यावर जशीच्या तशी उमटलेली, आणि उजव्या वाटीच्या खाली हरभऱ्याएवढा लाल खड्डा. पोतं उचललं तर खाली विटेची कपची. कामाच्या नादात तिच्यावर मी अर्धा तास वजन देऊन बसले होते. दोन दिवसांनी वाटीच्या पुढे टेंगूळ आलं, दाबलं की पाण्याच्या फुग्यासारखं हलणारं.

गुडघ्याच्या वाटीपुढे, कातडीच्या लगेच खाली एक चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. वाटीवरून कातडी सहज सरकावी म्हणून ती असते. तिच्यावर पुन्हा पुन्हा दाब आला की ती सुजते आणि आत पाणी साठतं. इंग्रजीत या सुजेचं जुनं नाव 'हाउसमेड्स नी' म्हणजे मोलकरणीचा गुडघा, कारण गुडघ्यांवर बसून फरशा पुसणाऱ्या बायकांना ती व्हायची. बहुतेक वेळा विश्रांतीने उतरते. पण गुडघा लाल, गरम झाला, ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मातीत काम करताना एवढ्याशा खरचटण्यातूनही तिथे जंतू शिरतात. हे सगळं टाळायला लागते ती खड्याची टोच वाटीपर्यंत पोचू न देणारी जाडी, आणि दोन पदरी पोत्यात ती नसते.

मग उशी का नको? मीही पोत्यानंतर सोफ्याची उशीच घेतली होती. पहिल्या दिवशी सुख वाटलं. दुसऱ्या दिवशी पाणी घातलेल्या वाफ्याशेजारी ठेवली, आणि उचलली तर हाताला ओढ बसावी इतकी जड. सोफ्याच्या फोममधले बुडबुडे एकमेकांत उघडलेले असतात, त्यामुळे तो स्पंजासारखा पाणी पितो. वरून कोरडा दिसतो, टेकलं की कपड्यांना ओल. पावसाळ्यात तो वाळत नाही, आठवड्यात कुबट वास येतो. शिवाय गुडघा टेकताच तो पुरता दबतो आणि खालची फरशी लागते. मऊपणाचा इथे काही उपयोग उरत नाही.

मेमरी फोमचंही तेच. तोही त्याच जातीचा, फक्त हळूहळू दबणारा आणि हळूहळू वर येणारा. गादीवर झोपतो तेव्हा वजन सबंध अंगभर वाटलं जातं, म्हणून तिथे तो छान वाटतो. गुडघ्यांवर टेकतो तेव्हा शरीराचा मोठा भार तळहाताहून लहान अशा दोन जागांवर येतो. तो सावकाश खाली खाली जातो आणि पाच मिनिटांत गुडघा तळाला. शिवाय उष्णतेने हा फोम आणखी मऊ पडतो, आणि एप्रिलमधल्या गच्चीवर तर बघायलाच नको. बागेसाठी मऊ नको, घट्ट हवं.

असं घट्ट काय असतं? ईव्हीए फोम. आपल्या कितीतरी चपलांचे तळ याचेच असतात. यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र बंद असतो, म्हणून पाणी आत जात नाही. चिखल लागला तर नळाखाली धरायचा आणि झटकायचा. याच्या गाद्या साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळतात. जाडी तीन ते चार सेंटिमीटर असावी आणि दोन्ही गुडघे थोडे फाकवून मावावेत इतकी लांबी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या खाली नको. दुकानात लाजू नका, फरशीवर ठेवून खरंच टेका. सगळं वजन एका गुडघ्यावर घ्या. फरशी जाणवली तर ती गादी ठेवून द्या. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खड्डा लगेच भरून यायला हवा. पांढऱ्या पॅकिंगच्या फोमवर नुसतं रंगीत कापड चढवून विकलेली गादी या दोन चाचण्यांत लगेच उघडी पडते, कारण तो फोम एकदा चेपला की चेपलेलाच राहतो. स्वस्तातल्या गाद्या वाया जातात ही तक्रार बहुतेक याच मालाबद्दल असावी.

तेवढेही पैसे घालायचे नसतील तर घरी करता येते. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या, कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या चटईचे तुकडे याच फोमचे असतात. मी १२ मिलिमीटर जाडीचे तीन थर कापून चपलांना लावतात त्या सोल्यूशनने चिकटवले आणि वरून जुन्या फ्लेक्सचा तुकडा शिवून घेतला. तिसरं वर्ष चालू आहे. उन्हात मात्र टाकून ठेवू नका, उन्हाने हा फोम पांढरट पडून ठिसूळ होतो.

एका ठिकाणी जास्त पैसे घालणं मला पटतं. कितीही चांगली असली तरी गादी फक्त टोच आणि दाब कमी करते. गुडघा वाकायचा तेवढा वाकतोच, आणि उठताना सगळा जोर त्याच्यावरच येतो. ज्यांना जमिनीवरून उठताना कशाचा तरी आधार शोधावा लागतो त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना उंच लोखंडी दांड्या असलेली, उलटी केली की बाक होणारी गादी मिळते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी टेकायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं. बाकावर बसून कुंड्यांचं काम होतंच. माझी आई आता ७६ वर्षांची आहे, ती टेकत नाही. तिच्या कुंड्या विटांचे थर रचून वर घेतल्यात आणि ती त्या बाकावर बसून मोगऱ्याची माती मोकळी करते. झालं की दोन्ही दांड्या धरून उठते. मी हात पुढे केला तर म्हणते, "राहू दे गं, जमतंय."