अणुबॉम्बची प्रयोगशाळा कशी सुधारावी

वाचकहो, एखादी सरकारी अण्वस्त्र प्रयोगशाळा उद्या अचानक आपल्या हाती सोपवण्यात आली तर आपण गांगरून जाल. गांगरण्याचे काही कारण नाही. भौतिकशास्त्र येत नसले तरी चालते आणि प्लुटोनियम कधी पाहिलेले नसले तरी चालते. किंबहुना न पाहिलेलेच बरे, कारण ज्यांनी ते पाहिले आहे ती माणसे उगाच धास्तावतात आणि निर्णयांना उशीर करतात. हे ज्ञान मला नुकतेच प्राप्त झाले. मी ज्या सरकारी कार्यालयात नोकरी करतो तेथे गेल्या महिन्यात बदलाला सामोरे कसे जावे या विषयावर सक्तीचे प्रशिक्षण झाले. त्यात एका तरुण सल्लागाराने आमची जेवणाची सुट्टी खाऊन आम्हाला अमेरिकेतील लॉस अलामोस या अण्वस्त्र प्रयोगशाळेचा दाखला दिला. अणुबॉम्ब बनवणारी संस्थासुद्धा खासगी कंपन्यांच्या हाती गेल्यावर कार्यक्षम झाली, मग तुमचे खाते का होणार नाही, असा त्याचा सवाल होता, आणि पहिल्या रांगेतील साहेबांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला. प्रश्नोत्तरांना वेळ नाही असे सांगून माझ्या हाती अभिप्रायाचा अर्ज देण्यात आला, ज्यात ‘उत्तम’ आणि ‘अत्युत्तम’ एवढेच पर्याय होते. त्या अर्जात जे मावले नाही ते होतकरू व्यवस्थापकांच्या सोयीसाठी येथे देत आहे.

सर्वप्रथम, चोर शोधण्यासाठी नेमलेल्या माणसांना खरोखरच चोर सापडू लागले, तर त्यांना कामावरून काढावे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील पठारावर 1943 साली भौतिकशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली लॉस अलामोसची ही प्रयोगशाळा प्रारंभापासून कॅलिफोर्निया विद्यापीठ सरकारच्या वतीने चालवत होते. तेथील चोऱ्या आणि खरेदीतील गैरव्यवहार यांचा तपास ग्लेन वॉल्प आणि स्टीव्हन डोरान या दोन माजी पोलिसांकडे होता. त्यांनी तो मनापासून केला आणि नोव्हेंबर 2002 मध्ये दोघांचीही नोकरी गेली. पुढे बोभाटा झाला, संचालक जॉन ब्राऊन यांना पायउतार व्हावे लागले आणि विद्यापीठाने एकट्या वॉल्प यांना 9 लाख 30 हजार डॉलर देऊन तडजोड केली. प्रामाणिक माणसाला काढणे महाग पडते, असा याचा अर्थ आपण काढू नये. पैसे सरकारचे असतात.

कर्मचाऱ्यांशी संवाद साधायचा असेल तर त्यांचा अपमान करावा, तो त्यांच्या चांगला लक्षात राहतो. ब्राऊन यांच्या जागी आलेले पीट नॅनोस हे नौदलातून व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. जुलै 2004 मध्ये गोपनीय माहितीच्या दोन डिस्क हिशेबात सापडेनात, आणि त्याच सुमारास लेसरमुळे एका विद्यार्थिनीच्या डोळ्याला इजा झाली. नॅनोस यांनी जवळजवळ सारी प्रयोगशाळा बंद केली, शास्त्रज्ञांच्या बेफिकीर वृत्तीला जाहीरपणे नावे ठेवली आणि ज्यांना नियम हास्यास्पद वाटतात त्यांनी राजीनामे द्यावेत असे कळवले. काही विभागांत ही बंदी महिनोन्‌महिने चालली. तपासाअंती निष्पन्न झाले ते असे, की त्या डिस्क हरवल्या नव्हत्या, कारण त्या कधी अस्तित्वातच नव्हत्या. नोंदवहीसाठी बारकोडची लेबले तेवढी तयार झाली होती. या शोधाचा खर्च प्रयोगशाळेच्या हिशेबाने बारा कोटी डॉलरच्या आसपास आणि वरच्या सरकारी यंत्रणेच्या हिशेबाने छत्तीस कोटींच्या वर गेला. एवढ्या पैशांत नव्या डिस्क किती आल्या असत्या याचे गणित शास्त्रज्ञांनी केलेच असणार, पण ते प्रसिद्ध झालेले नाही. मे 2005 मध्ये नॅनोस गेले. त्यांच्या शब्दांनी दुखावलेली माणसे मात्र आधीच निवृत्तीचे अर्ज भरत होती.

संस्था अशी पुरेशी बदनाम झाली की तिच्या कारभाराचा ठेका नव्याने द्यावा. 1 जून 2006 रोजी लॉस अलामोसचा कारभार एका नव्या कंपनीकडे गेला. तिच्यात बांधकाम क्षेत्रातील बेक्टेल होती, बीडब्ल्यूएक्स टेक्नॉलॉजीज आणि वॉशिंग्टन ग्रुप होते, आणि गैरव्यवस्थेमुळे ज्याच्याकडून कारभार काढून घ्यायचा म्हणून एवढा खटाटोप केला ते कॅलिफोर्निया विद्यापीठही होते. विद्यापीठाला पूर्वी वर्षाकाठी एक कोटी डॉलरपेक्षा कमी मोबदला मिळत असे. नव्या कंपनीला जास्तीत जास्त 7 कोटी 90 लाख डॉलरपर्यंत मिळण्याची सोय करण्यात आली. राज्याचा उलाढालीवरील कर विद्यापीठाला लागत नव्हता. कंपनीला तो लागू झाला आणि तोही प्रयोगशाळेच्याच अंदाजपत्रकातून जाऊ लागला. म्हणजे तेच काम, तीच माणसे आणि तेच डोंगर, पण खर्च जास्त. आमचे सल्लागार ज्याला कार्यक्षमता म्हणाले ती हीच असावी.

निवृत्तिवेतनाबद्दल कोणी विचारले तर ते एकंदरीत पूर्वीसारखेच राहील असे सांगावे, आणि ‘एकंदरीत’ या शब्दाचा अर्थ वकिलांवर सोपवावा. लॉस अलामोसच्या कर्मचाऱ्यांपुढे 2006 मध्ये दोन योजनांपैकी एक निवडण्याची वेळ आली, आणि आयुष्यभर अणूचे गणित सोडवलेली माणसे रात्री जेवणाच्या टेबलावर आपल्याच म्हातारपणाचे गणित मांडत बसली. (खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथील वाचकांना हे ओळखीचे वाटल्यास माझा नाइलाज आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी केंद्र सरकारच्या शस्त्रास्त्रे बनवणाऱ्या 41 आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हाही सेवाशर्ती तशाच राहतील असे सांगून सर्वांना आधी दोन वर्षांच्या मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे कागदोपत्री सरकारी नोकर ठेवून कंपनीच्या कामावर, पाठवले गेले, आणि संपाला बंदी घालणारा कायदा तर त्याच वर्षी तयार होता.)

अनुभवी माणसे महाग असतात, म्हणून ती आधी काढावीत. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर ही दुसरी अण्वस्त्र प्रयोगशाळा 1 ऑक्टोबर 2007 रोजी अशाच एका कंपनीकडे गेली आणि पुढच्या मे महिन्यात सुमारे 440 कायम कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. त्यांत वीस-वीस, तीस-तीस वर्षे नोकरी झालेली माणसे होती, आणि काहींना तर सोबत माणूस देऊन फाटकापर्यंत पोहोचवण्यात आले. त्यांच्यापैकी 129 जणांनी दाखल केलेला दावा 2015 मध्ये 3 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर मोजून मिटवावा लागला. बचतीचे इतके सुंदर उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता मुख्य सूचनेकडे वळतो. धोक्याची आठवण करून देणाऱ्या अभियंत्यांकडे दुर्लक्ष करावे.

लॉस अलामोसमधील पीएफ-4 ही इमारत अमेरिकेतील अण्वस्त्रांच्या प्लुटोनियम गाभ्यांसाठी आहे. प्लुटोनियमची गंमत अशी, की ते ठरावीक मात्रेपेक्षा अधिक एका जागी, जवळजवळ आले की कोणी कळ न दाबता त्यात साखळी अभिक्रिया सुरू होऊ शकते. त्यासाठी बॉम्ब लागत नाही. निळसर प्रकाश चमकतो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाचे मरण ठरून जाऊ शकते. हे पुस्तकी भय नव्हे. याच लॉस अलामोसमध्ये 1945 साली हॅरी डाग्लियन, 1946 साली लुई स्लोटिन आणि 1958 साली सेसिल केली अशी माणसे याने मेली आहेत. म्हणून किती प्लुटोनियम कुठे, कशाच्या शेजारी आणि किती अंतरावर ठेवायचे हे ठरवणारा अभियंत्यांचा एक स्वतंत्र गट अशा ठिकाणी असतो. तो गट काही उत्पादन करत नाही, त्याच्या कामाची चित्रफीत निघत नाही, आणि तो सतत नको नको म्हणत असतो. व्यवस्थापकाच्या तक्त्यात असा गट फक्त खर्चाच्या रकान्यात दिसतो.

11 ऑगस्ट 2011 रोजी पीएफ-4 मधील तंत्रज्ञांनी आपल्या कामगिरीचा फोटो काढण्यासाठी प्लुटोनियमच्या आठ कांड्या एकमेकींच्या शेजारी मांडल्या. फोटोसाठी! जेवून परतलेल्या एका पर्यवेक्षिकेच्या ते लक्षात आले. अशा वेळी कशालाही हात न लावता खोली रिकामी करायची असते, कारण माणसाचा हातसुद्धा प्लुटोनियममधून सुटणारे न्यूट्रॉन कण परतवून धोका वाढवतो. पण तेथे हातांनीच कांड्या दूर करण्यात आल्या. पुढे काही झाले नाही, हे नशीब. आता सांगा, या गोष्टीनंतर कोणत्याही शहाण्या कारभाऱ्याने काय केले असते? नको नको म्हणणाऱ्या त्या अभियंत्यांना समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकले असते, त्यांची संख्या वाढवली असती, त्यांच्या परवानगीवाचून टाचणी हलवू दिली नसती. प्रत्यक्षात आपले कोणी ऐकत नाही या वैतागाने त्या गटातील बहुतेक अभियंते नोकरी सोडून गेले. जगात या विषयातली माणसे मोजकी, ती तयार व्हायला वर्षे लागतात, आणि जाताना ती आपल्या डोक्यातले सारे सोबत घेऊन जातात. जून 2013 मध्ये संचालक चार्ल्स मॅकमिलन यांना पीएफ-4 मधील काम थांबवावे लागले आणि ते पूर्ववत होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ गेला. तीन वर्षे! कार्यक्षमतेसाठी आणलेल्या कंपनीने देशातील प्लुटोनियमचे सर्वांत महत्त्वाचे काम तीन वर्षे बंद ठेवले, आणि हे उदाहरण आम्हाला जेवणाची सुट्टी तोडून अनुकरणासाठी सांगितले जाते. सूचना देता देता माझा आवाज चढला असेल तर वाचकांनी तो मनातल्या मनात खाली करून घ्यावा.

कचऱ्याकडे लक्ष देऊ नये, तो आपोआप जमिनीखाली जातो.

जातो, आणि कधीकधी परतही येतो. लॉस अलामोसमधील किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून त्याच राज्यात कार्ल्सबॅडजवळ जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर मिठाच्या थरात ठेवतात. त्या कचऱ्यातील नायट्रेट क्षार शोषून घेण्यासाठी पिंपात मांजराच्या शौचासाठी मिळते तसली वाळू घालत, आणि ती खनिज असणे आवश्यक होते. लॉस अलामोसच्या सूचनापत्रात जैविक वाळू वापरा असे लिहिले गेले, आणि गव्हापासून बनवलेली वाळू नायट्रेटमध्ये मिसळण्यात आली. नायट्रेट आणि धान्य एकत्र आले की काय होते हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सांगितले असते, पण विद्यार्थ्याला कोण विचारतो. 14 फेब्रुवारी 2014 रोजी एक पिंप तापून फुटले, किरणोत्सारी कण वर आले, वीसहून अधिक कामगारांच्या शरीरात ते अल्प प्रमाणात आढळले, आणि ती भूमिगत साठवणजागा जानेवारी 2017 पर्यंत बंद राहिली. त्या वर्षी कंपनीला मिळू शकणाऱ्या सुमारे 6 कोटी 30 लाख डॉलरच्या मोबदल्यातून सरकारने तिच्या हातावर जेमतेम साठ-पासष्ट लाख डॉलर ठेवले, आणि 2015 च्या अखेरीस ठेक्याचे नूतनीकरण होणार नाही असे कळवले. 1 नोव्हेंबर 2018 पासून तेथे तिसरी व्यवस्था आली. तिच्यात बॅटेल ही संशोधन संस्था आहे, टेक्सस ए अँड एम विद्यापीठ आहे आणि, वाचकांनी ओळखलेच असेल, कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे.

आता सूचना पुरे झाल्या. उपरोध करण्याइतके हे हलके नाही.

व्यवस्थापकहो, ज्यांना हे काम कळत नाही त्यांनी ते करणाऱ्यांची झाडाझडती घेऊ नये, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही का? पीएफ-4 मधून गेलेल्या अभियंत्यांनी आधी इशारे दिले नव्हते काय? दिले होते, आणि तुम्ही ते वेळकाढूपणा म्हणून बाजूला ठेवले होते. लिव्हरमोरच्या माणसांना तुम्ही दारापर्यंत पोहोचवलेत, त्यांना काय येत होते हे कोणी लिहून तरी घेतले का? मोबदला मिळवायचा तर ठरलेले रकाने भरावे लागतात, म्हणून तुम्ही रकाने भरले. पिंपात काय भरले जात आहे हे पाहायला मात्र तुमच्याकडे वेळ नव्हता. जबाबदारी घ्यायची वेळ आली की पाटी बदलायची, भागीदार बदलायचे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या संस्कृतीला दोष द्यायचा, हा कोडगेपणा आहे. आणि सरकार काही वेगळे नाही. या प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने फेब्रुवारी 2025 मध्ये, बातम्यांनुसार, तीनशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना एका रात्रीत काढले. दुसऱ्याच दिवशी लक्षात आले की ही माणसे अण्वस्त्रांचे काम पाहतात. मग त्यांना परत बोलवायची धावपळ झाली, पण त्यांचे ईमेल बंद केलेले होते, आणि काहींशी संपर्क कसा साधावा हेच काढणाऱ्यांना कळेना. कोण काय काम करतो हे काढण्याआधी विचारायचे असते. ते विचारण्यात कमीपणा वाटत असेल तर अण्वस्त्रांच्या जवळपास फिरकू नका, तुमच्यासाठी दुसऱ्या पुष्कळ नोकऱ्या आहेत.