फुलदाणीसमोर पंचवीस मिनिटं

आपल्यापैकी बहुतेकांचा स्थिरचित्राशी संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरता. टेबलावर तांब्या, शेजारी दोन वांगी, मागे चुरगळलेला फडका. तांब्याचा काठ वाकडा आला तर वांग्यांवर वेळ निभावून न्यायची. एवढ्या शिदोरीवर संग्रहालयाच्या माहितीफेरीत, डच चित्रकर्तींच्या दालनात क्युरेटरबाईंच्या मागून शिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकिटावर दीड तास आणि सहा चित्रं असं लिहिलेलं असतं. म्हणजे चित्रामागे पंधरा मिनिटं. प्रत्यक्षात पहिली फुलदाणीच पंचवीस खाते. ती राखेल रॉइसची (1664–1750). नावातला 'ख' घशातून खाकरून काढायचा असतो. तो सगळ्या गटाला जमेपर्यंत दोन मिनिटं तिथेच जातात. मग फुलं. ट्यूलिप एप्रिल-मेचं, झेंडू ऑगस्टचा, आणि दोन्ही एकाच फुलदाणीत टवटवीत! असा गुच्छ कधी टेबलावर नव्हताच. वर्षभर करून ठेवलेल्या अभ्यासचित्रांतून तो जुळवलेला. चला, सुटलो, असं वाटतं तोच बाई एकेका फुलाचा महिना सांगू लागतात.

मग पानं. ती निळसर का? निळ्यावर पिवळ्या 'लेक'चा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, पातळ हात दिला की हिरवा होतो. पण वनस्पतींपासून केलेला हा पिवळा उजेडाने उडतो आणि खालचा निळा उघडा पडतो. पहिल्याच धुण्यात रंग सोडणाऱ्या कुर्त्याची जात, फक्त इथे धुणं तीनशे वर्षं चाललंय. मला विचाराल तर सबंध फेरीतली सर्वांत कामाची माहिती हीच. पण ती येते तेव्हा आपलं लक्ष स्वतःच्या टाचांकडे असतं.

म्हणून आधीच सांगते. बूट जुने, सरावाचे घाला. दाराशी घडीचं स्टूल मिळत असेल तर लाज न बाळगता घ्या. पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर ती पुढे घेऊन फिरावं लागतं. चित्राच्या मधोमध उभं राहू नका: गडद पार्श्वभूमी, वर चकचकीत वार्निश आणि छताचे दिवे, त्यामुळे फुलांऐवजी आपलंच कपाळ दिसतं. एक पाऊल बाजूला सरकून गुडघे किंचित वाकवले की चकाकी हटते आणि देठावरची मुंगी सापडते. ती दाखवायला बोट मात्र पुढे करू नका. बाई म्हणतात "जवळून बघा", रखवालदार म्हणतो "मागे व्हा", आणि आपण मधल्या मध्ये कवायत करत राहतो.

रॉइसबाईंना दहा मुलं होती आणि त्र्याऐंशीव्या वर्षी त्या चित्रावर सहीबरोबर वयही लिहीत. हे ऐकल्यावर पाय दुखतात असं म्हणायची सोय राहत नाही.

मारिया फान ओस्टरवाइकच्या 1668 च्या चित्रात कवटी, वाळूचं घड्याळ आणि कणसं कुरतडणारा उंदीर. सगळं क्षणभंगुर आहे, हा त्याचा अर्थ. फेरी सोडून.

शेवटी क्लारा पेटर्सचं चीज. चीजच्या चळतीवर बशी, बशीत लोण्याच्या वळ्या, पुढ्यात बदाम आणि प्रेत्झेल नावाचे वेटोळे पाव. पोटात काही न टाकता या चित्रासमोर येणं हा निव्वळ आत्मछळ. सुरीच्या मुठीवर तिने आपलं नाव कोरलंय आणि सुरईच्या धातूच्या झाकणात स्वतःचा चेहरा रंगवलाय, साबुदाण्याएवढा. पंधरा माणसं एका झाकणाकडे माना वाकड्या करतात. पहिल्या तिघांना चेहरा दिसतो, बाकीचे "हो हो, दिसला" म्हणतात.

घड्याळात एक तास चाळीस मिनिटं. सहापैकी तीन चित्रं झालेली. बाई घड्याळ बघतात, हसतात, "कोणाला काही शंका?" म्हणतात. सगळे पायांकडे बघत गप्प. आणि मागून एक आजोबा हात वर करतात, "पण ही पेटर्स तर अँटवर्पची, म्हणजे आजच्या बेल्जियममधली. मग ती डच कशी?"

बाईंचा चेहरा उजळतो.