हात वर करा म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सायबर जनजागृतीचं व्याख्यान होतं. पोलीस साहेब आले, पहिलीच स्लाइड: 'ओटीपी कुणालाही देऊ नका.' मग विचारतात, "इथे कोण कोण फसलंय? लाजू नका, हात वर करा."

माझे आप्पा पहिल्या रांगेत होते. कमी ऐकू येतं म्हणून पुढे बसतात. हात मांडीवरून हललाच नाही. मी मागून बघत होतो, मान मात्र हळूहळू खाली गेली.

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लांबण लावतोय.

आप्पांनी ओटीपी दिला नव्हता हो! व्हिडिओ कॉलवर गणवेशातला एक जण आला, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हे झालेत म्हणाला, आणि अख्खा आधार नंबर घडाघडा वाचून दाखवला. चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस तीन तास खुर्चीतून उठला नाही. मग स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडून आला.

आणि तो माणूस आप्पांना काय म्हणत होता? "मिस्टर वसनत." वसंत नाही, वसनत.

आमच्या घरात हा शब्द आता शिवीसारखा आहे. आधारवर नाव बरोबर आहे, पासबुकावर बरोबर आहे. चुकलंय ते एका लॅबमध्ये, नाव घेत नाही. तिथे रक्त तपासायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने घाईत तसं टाइप केलं आणि आधारची झेरॉक्स ठेवून घेतली. म्हणजे यादी कुठून फुटली हे त्या एका शब्दात लिहिलेलं होतं. पोलीस ठाण्यात मी तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा "ओटीपी का दिला?" असंच विचारलं. वर तक्रारीच्या प्रतीत नाव काय आलं? वसनत. माझ्याच अर्जाला जोडलेल्या रिपोर्टवरून उतरवलं होतं.

अशा याद्या विकायचे बाजार आहेत, हे काय गुपित आहे? ऑक्टोबर २०२३ मध्ये ८१.५ कोटी भारतीयांची माहिती डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या कोपऱ्यात, ८० हजार डॉलरला विकायला ठेवल्याची बातमी सगळीकडे होती. आधार, पासपोर्ट, पत्ते. हिशेब करून बघा, माणशी एक पैसासुद्धा पडत नाही. माझ्या बापाची किंमत!

तिकडे डच पोलिसांनी काय केलं बघा. २०१७ मध्ये हान्सा नावाचा डार्क वेबवरचा ड्रग्जचा मोठा बाजार त्यांनी बंद न पाडता गुपचूप ताब्यात घेतला आणि महिनाभर स्वतः चालवला. त्याच सुमारास अमेरिकेने अल्फाबे हा तसलाच बाजार बंद पाडला, तिथले गिऱ्हाईक पळून थेट यांच्या जाळ्यात. सर्व्हर बिघडल्याची थाप मारून विक्रेत्यांना फोटो पुन्हा टाकायला लावले, आणि फोटोतून ते कुठे काढलेत त्या जागा मिळवल्या. याला म्हणतात पोलिसी डोकं. आपले साहेब स्लाइड बदलतात.

हो, त्या महिन्यात पोलिसांच्या नाकाखाली ड्रग्ज विकले गेले, हे मलाही पटत नाही. आणि सिल्क रोड या अशाच आणखी एका बाजाराच्या तपासातल्या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन ढापले, तेही खरं. तरी.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एप्रिल २०२३ मध्ये जेनेसिस मार्केट पडलं. तिथे लोकांचे चोरलेले लॉगिन विकायचे. डच पोलिसांनी लगेच एक पान उघडलं: तुमचा ई-मेल टाका, तुमचं काही चोरलंय का ते आम्ही कळवतो. बस. माहिती हाती लागली की ज्याची आहे त्याला सांगायचं. आप्पांना कुणी फोन करून एवढंच सांगितलं असतं, की 'वसनत' नावाने तुमचा आधार नंबर बाहेर गेलाय, तर त्या कॉलवर आप्पा पहिल्या मिनिटाला हसले असते. व्याख्यान नको, हा एक फोन हवा.

आता जरा थंड झालोय. सायबर सेलमधला एक पोरगा होता, पंचविशीतला. टेबलावर फायलींचा ढीग. त्याने एकट्याने 'वसनत' शब्दाखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाला, "काका, हे मला कळतंय. पण लॅबवर जायला वरून सांगावं लागतं." चहाही त्यानेच पाजला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केल्यामुळे थोडे पैसे गोठले, तेही कबूल करतो.

आणि कॉलवरचा तो गणवेशवाला? मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेच्या वर भारतीय थायलंडमार्गे परत आणले. नोकरीच्या नावाखाली नेऊन म्यानमारच्या सीमेवरच्या घोटाळ्याच्या अड्ड्यांत कोंडलेली पोरं. आमचा 'साहेब' त्यांच्यातलाच एखादा असेल तर शिव्या तरी कुणाला घालू? यादी विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला घालतो. ते दोघं मजेत आहेत.

साहेबांनी शेवटी "काही शंका?" विचारलं तेव्हा मी उठून हे सगळं बोलणार होतो. आप्पांनी मागे वळून नुसतं बघितलं. बसलो.

ता. क. आप्पांनी आत्ता खांद्यावरून वाचलं. किती गेले तो आकडा वर लिहिला होता, तो काढ म्हणाले. काढलाय.