रेनकोटातला अंधार

बॅटरी दिवसा विकत घ्यायला जाऊ नये. गेलातच, तर शेजारी कुणी रिटायर्ड काका उभे नाहीत ना, ते आधी बघावं.

आमच्याकडे चार थेंब पडले की वीज जाते. म्हणून परवा भर दुपारी पुण्यातली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने बोटाएवढी बॅटरी काढली. एक पेन्सिल सेल, २५० रुपये. लावूनही दाखवली, पण डोक्यावर नमुन्याचे डझनभर बल्ब पेटलेले, त्यात ही लागली की विझली तेच कळेना.

"जरा अंधारात बघता येईल का?"

"अंधार आम्ही ठेवत नाही," मान वर न करता उत्तर.

तेवढ्यात ट्यूबचा स्टार्टर घ्यायला आलेले काका सरकले. "किती सेलची?"

"एक."

"एकात काय होतंय! आमची तीन सेलची होती. मारली की कुत्रं पळायचं. उजेड नव्हे हो, बॅटरीच मारायची."

इथे गप्प बसायचं, तर मी शिकवायला गेलो. म्हटलं, पांढऱ्या एलईडीला तीनएक व्होल्ट लागतात, सेल दीडचा, म्हणून आतलं सर्किट व्होल्टेज वाढवून देतं. शिवाय आतला एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळा लेप असतो म्हणून पांढरा दिसतो. त्या निळ्यासाठी तिघांना २०१४ चं नोबेल मिळालंय.

काका दुकानदारावर उखडले. "निळा? मग यांना पांढरा सांगून काय विकताय?"

आणि मग, मला काही कळायच्या आत, त्यांनी हातावरचा ओला रेनकोट आम्हा दोघांच्या डोक्यावरून घेतला. "हं, मारा!"

आत नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास. मी बटण दाबलं. लख्ख. "वा! कोणती पेठ तुमची?" पुन्हा दाबलं. मंद. "स्वतःची जागा का भाड्याची?" बंद करायला म्हणून तिसऱ्यांदा दाबलं, तर काकांच्या तोंडावर लपक-लपक सुरू. "थांबवा! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय!" बाहेरून एका बाईंचा आवाज आला, "यांना काय झालंय?" दुकानदार म्हणाला, "टेस्टिंग."

ही लपक-लपक कुणासाठी असते हो? वीज गेल्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसणारा माणूस कुणाला इशारे देणार? मला फक्त चालू आणि बंद हवं होतं. खरं तर बॅटरीच नको होती. बिल वेळेवर भरतो, तर वीज हवी होती. पण ती मागायला फोन लावावा, तर पलीकडून गाणं ऐकवतात.

रेनकोटातून बाहेर आलो, तर चष्म्यावर वाफ. तो पुसतोय तोवर दुकानदार म्हणाला, "एवढा एकच पीस राहिलाय." मी खिशात हात घालेपर्यंत काकांनी पैसे पुढे केलेसुद्धा. वर दहा रुपये कमी करून घेतले. मला साधं बसाही म्हणाला नव्हता तो माणूस, त्यांना पिशवी दिली!

"तुमची पारख चांगली आहे हं," जाताजाता काका म्हणाले. स्टार्टर विसरले ते विसरलेच. मी हाक मारली नाही.

संध्याकाळी आठला वीज गेली. मेणबत्ती शोधता शोधता बायकोने विचारलं, "बॅटरी बघायला गेला होतात ना? कशी आहे?"

"चांगली आहे," म्हटलं.